पाटीच्या दगडामागोमाग समुद्राकडे : वेल्समधले पोर्थमॅडॉग कसे पाहावे

उत्तर वेल्समधले पोर्थमॅडॉग हे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव आहे आणि उन्हाळ्यात तिथे जी गर्दी होते ती मुख्यतः वाफेच्या छोट्या रेल्वेसाठी होते. बहुतेक प्रवासी सकाळी गाडीत बसून डोंगरात जातात, दुपारी परत येतात, स्थानकावर चहा घेतात आणि पुढच्या गावाची वाट धरतात. ज्या बंदरासाठी ही रेल्वे मुळात बांधली गेली ते बंदर स्थानकाला लागूनच असते, पण तिकडे फिरकणारे थोडे. माझ्या मते हे गाव पाहण्याची योग्य रीत उलटी आहे. इथली खाण, रेल्वे, बंधारा, धक्का आणि जहाज ही एकाच साखळीची कडी आहेत, म्हणून छपरांसाठी लागणारा पाटीचा दगड (स्लेट) ज्या वाटेने डोंगरातून समुद्राकडे गेला त्याच वाटेने आपणही गावात यावे. पुढचा बेत त्या हिशेबाने आखलेला आहे आणि त्याला दोन मुक्काम पुरतात.

जाण्याआधीची तयारी

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो, वेल्ससाठी वेगळी परवानगी नसते. काळ निवडताना ईस्टर ते ऑक्टोबर हा हंगाम धरावा. हिवाळ्यात रेल्वेच्या फेऱ्या फार कमी होतात आणि बंदरावरचे संग्रहालयही हंगामापुरतेच उघडते. हंगामातसुद्धा गाड्या रोज धावतीलच असे नाही, त्यामुळे आधी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे आणि त्यावरून मुक्कामाच्या तारखा ठरवाव्यात. जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड राहतो, हा मोठाच फायदा आहे. पाऊस मात्र कोणत्याही महिन्यात येतो. वाऱ्यापुढे छत्रीचा निभाव लागत नाही, तेव्हा टोपी असलेले जलरोधक जाकीट आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट घ्यावेत.

दुसरी गोष्ट कोकणातल्या वाचकाला सांगावी लागणार नाही, पण घाटावरच्याला सांगायला हवी : भरती-ओहोटीचे वेळापत्रक. पोर्थमॅडॉगचे बंदर खाडीच्या मुखाशी आहे आणि ओहोटीला त्यातले पाणी इतके ओसरते की होड्या गाळात कलंडून पडलेल्या दिसतात. भरतीच्या वेळी तेच बंदर काठोकाठ भरते. एकदा भरती आणि एकदा ओहोटी अशा दोन्ही अवस्था दिवसाच्या उजेडात पाहता येतील असा दिवस निवडावा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा जातो.

पहिला टप्पा : डोंगरातून उतरत गावात यावे

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून उत्तर वेल्सच्या किनाऱ्याने होलिहेडकडे जाणाऱ्या गाडीने ख्लानडुडनो जंक्शनला उतरावे. मँचेस्टरला विमान उतरणाऱ्यांना हे स्थानक आणखी जवळ पडते. तिथून कॉनवी खोऱ्यातून वर जाणारी एक शाखा ब्लायनाय फेस्टिनिऑग या खाणींच्या गावापर्यंत जाते. तासाभराच्या या प्रवासाच्या अखेरीस गाडी तीन किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती थेट दगडाच्या ढिगाऱ्यांमध्ये. या मार्गावर दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात आणि नदीला पूर आला की मार्ग बंद होऊन बदली बस सुटते, म्हणून पुढच्या गाडीचे आरक्षण अगदी काटोकाट वेळेचे करू नये.

ब्लायनायमध्ये तीन-चार तास हाताशी ठेवावेत. गावाच्या चहूकडे राखाडी-जांभळ्या चकत्यांचे डोंगर उभे आहेत, तो सगळा खाणींचा टाकाऊ माल आहे. छपराला लागणारे एक टन तयार स्लेट मिळवताना त्याच्या अनेक पट दगड फेकून द्यावा लागे. गावाबाहेरच्या लेखवेद खाणीत १९७२ पासून पर्यटकांना जमिनीखाली नेतात. तिथे दगड फोडण्याचे प्रात्यक्षिक असले तर ते चुकवू नये. कारागीर रुंद पात्याची छिन्नी दगडाच्या कडेवर ठेवतो, लाकडी हातोड्याने हलका ठोका देतो आणि वहीची पाने सुटावीत तसा दगड सपाट थरांमध्ये उलगडतो. या पाट्यांच्या मापांना उमराव घराण्यांतल्या स्त्रियांच्या पदव्या दिलेल्या होत्या. २४ इंच बाय १२ इंचाची ती डचेस, २० बाय १० ची ती काउंटेस, त्याहून लहान ती लेडी. ही नावे इथेच पाठ करून ठेवावीत, कारण खाली धक्क्यावर माल याच नावांनी मोजला जाई. वायव्य वेल्समधल्या या साऱ्या स्लेट-प्रदेशाला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मग फेस्टिनिऑग रेल्वेने खाली उतरावे. ब्लायनायमध्ये मोठी आणि छोटी रेल्वे एकाच स्थानकात भेटतात, त्यामुळे सामान घेऊन फार चालावे लागत नाही. डबे मात्र चिंचोळे असतात, मोठ्या बॅगा असतील तर तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. रुळांमधले अंतर अवघे ५९७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरान गाडीपेक्षाही बोटभर कमी. एकूण मार्ग साधारण २१ किलोमीटरचा आहे आणि उतरण्यास सव्वा तास लागतो. डाव्या हाताची खिडकी मिळवण्याचा प्रयत्न करावा. दरी त्या बाजूला आहे आणि शेवटी समुद्रही त्याच बाजूला येतो.

गाडीत बसल्यावर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८३६ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावर इंजिन नव्हते. खाणीपासून बंदरापर्यंत सतत उतार राहील अशा बेताने रूळ टाकलेले होते. दगडाने भरलेल्या वाघिणींची माळ आपल्या वजनानेच खाली धावे, वर चालत्या गाडीत ब्रेक सांभाळणारी माणसे बसत, आणि रिकाम्या वाघिणी वर ओढून नेणारे घोडे उतरताना स्वतःच्या खास डब्यात उभे राहून प्रवास करीत. वाफेची इंजिने आली १८६३ मध्ये. इतक्या अरुंद रुळावर वाफ चालू शकेल यावर त्या काळच्या बऱ्याच जाणकारांचा विश्वास नव्हता. १८६९ मध्ये रॉबर्ट फेअरलीच्या आराखड्याचे, दोन्ही टोकांना धुराडे असलेले इंजिन आले आणि पुढच्याच वर्षी त्याची चाचणी पाहायला रशियाहून शिष्टमंडळ आले. त्या घडणीची दुतोंडी इंजिने आजही या मार्गावर धावतात. त्यांतले मर्डिन एमरिस हे १८७९ चे असून ते रेल्वेच्या स्वतःच्या बॉस्टन लॉज कारखान्यात बांधलेले आहे. वाफ आल्यावरही भरलेल्या वाघिणी आपल्या आपण उतरत राहिल्या, थेट १९३९ पर्यंत.

१९४६ मध्ये रेल्वे बंद पडली आणि हौशी स्वयंसेवकांनी १९५५ पासून ती खालून वर, तुकड्यातुकड्याने पुन्हा उभी केली. मधल्या काळात एका जलविद्युत प्रकल्पाच्या तलावात जुना मार्ग बुडाला होता, म्हणून वाटेतल्या दुआल्टपाशी रूळ स्वतःलाच वळसा घालून उंची गाठतात. ब्लायनायपर्यंत गाडी पुन्हा पोहोचायला १९८२ उजाडले.

दुसरा टप्पा : बंधारा

बॉस्टन लॉजच्या वळणानंतर गाडी अचानक मोकळ्यावर येते आणि खाडीच्या मुखावरच्या सुमारे दीड किलोमीटर लांब बांधावरून सरळ गावाकडे निघते. या बांधाला सगळे कॉब म्हणतात. गाडीतून तो दोन-तीन मिनिटांत संपतो, म्हणून सामान खोलीवर टाकल्यावर त्याच संध्याकाळी चालत मागे यावे. मोटारींचा रस्ता बांधाच्या आतल्या, खालच्या अंगाने जातो आणि तिथून समुद्र दिसतच नाही. रुळांशेजारच्या वरच्या पायवाटेनेच जावे. एका बाजूला खाडी आणि वाळूचे पट्टे, दुसऱ्या बाजूला सपाट कुरणे आणि त्यांच्यामागे स्नोडन आणि मोएल्विनच्या रांगा असे दृश्य दिसते. ही कुरणे पूर्वी खाडीचा तळ होती.

हा बांध विल्यम अलेक्झांडर मॅडॉक्स या खासदाराने १८०८ ते १८११ या काळात घातला. खाडी आटवून शेतजमीन काढायची आणि आयर्लंडला जाणारा टपालमार्ग आपल्या जमिनीवरून न्यायचा असा त्याचा मनसुबा होता. टपालमार्ग अखेर होलिहेडला गेला. बांध पुरा होऊन वर्ष उलटण्याआधीच, १८१२ च्या फेब्रुवारीत, वादळाने त्याला खिंडार पाडले. दुरुस्तीसाठी पैसा उभा करण्यात कवी शेलीही सामील झाला होता, तेव्हा तो जवळच राहत असे. मॅडॉक्स कर्जात बुडाला, पण बांधाने त्याने न योजलेली एक कामगिरी केली. ग्लासलिन नदीचे पाणी बांधाच्या पश्चिम टोकाकडे वळवून दरवाजांतून सोडले जाऊ लागले आणि त्या जोराच्या प्रवाहाने तिथला गाळ खरवडून खोल पात्र तयार केले. मोठी गलबते उभी राहू शकतील असे बंदर आपोआप घडले. १८२१ मध्ये बंदर बांधण्यास संसदेची परवानगी मिळाली. रेल्वे पाहायला मात्र मॅडॉक्स उरला नाही, १८२८ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला.

ओहोटीच्या वेळी गावाच्या टोकाकडच्या ब्रिटानिया पुलावर थांबून खाली पाहावे. आतल्या बाजूने नदीचे पाणी दरवाजांतून उसळत बाहेर पडताना दिसते. भरती चढू लागली की समुद्राच्या दाबाने दरवाजे मिटतात आणि नदी आत तुंबून राहते. सारे बंदर याच उघडझापीवर उभे आहे, आणि इथे घालवलेली दहा मिनिटे मला इतर कोणत्याही माहितीफलकापेक्षा मोलाची वाटतात. बांध ओलांडायला गाड्यांकडून घेतला जाणारा टोल २००३ मध्ये बंद झाला.

तिसरा टप्पा : धक्के आणि संग्रहालय

दुसरा दिवस पूर्णपणे बंदराला द्यावा. बंदर होण्याआधी माल कसा जाई हे आधी समजून घेतले की धक्क्यांचे महत्त्व पटते. खाणीतून दगड घोड्यांच्या पाठीवर आणि गाड्यांतून द्वरिड नदीच्या काठी उतरे, तिथून लहान होड्यांनी खाडीच्या मुखाशी जाई आणि तिथे पुन्हा जहाजात चढे. प्रत्येक चढउताराला पाट्या फुटत. या होड्या चालवणाऱ्या माणसांना लोक फिलिस्टाइन म्हणत. रेल्वे आली आणि वाघीण थेट जहाजाच्या कुशीत जाऊन उभी राहू लागली, तेव्हा या होडीवाल्यांचा धंदा बसला.

एकेका खाणमालकाचा स्वतंत्र धक्का होता आणि ग्रीव्ह्ज, ओकली यांची नावे अजून त्या जागांना चिकटून आहेत. काही धक्क्यांवर आता सदनिका आहेत, पण धक्क्यांच्या खडबडीत दगडी भिंती जुन्याच आहेत. १८४२ मध्ये हॅम्बुर्ग शहराचा मोठा भाग आगीत जळाला आणि नव्या छपरांसाठी वेल्सच्या स्लेटची मागणी वाढली. जर्मनीशी जुळलेला हा व्यापार पुढे सत्तर वर्षे टिकला. १८७३ मध्ये या बंदरातून १ लाख १६ हजार टनांहून अधिक स्लेट बाहेर गेले. आज जिथे हौशी नौकांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटत असतात, तिथे तेव्हा जहाजे एकमेकांना खेटून उभी असत.

धक्क्यावरच्या एका जुन्या स्लेट-वखारीत सागरी संग्रहालय आहे. ते छोटे आहे, स्वयंसेवक चालवतात, आणि उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासूनच जावे. आत जहाजांच्या प्रतिकृती, सुतारांची हत्यारे, नौकानयनाची उपकरणे आणि जहाजांची चित्रे आहेत. घाईने फिरलात तर वीस मिनिटांत संपेल, पण चित्रांपाशी थांबावे. परदेशी बंदरात माल चढेपर्यंत कप्तान तिथल्या चित्रकाराकडून आपल्या जहाजाचे चित्र काढून घेई आणि घरी आणून दिवाणखान्यात लावी. ही चित्रे कलाकृती म्हणून सामान्यच, पण गिऱ्हाईक दर्यावर्दी असल्यामुळे एकही दोरी चुकलेली चालत नसे. शिडे, दोर, निशाणे यांचा तो जवळजवळ कागदोपत्री पुरावाच आहे.

जहाजाची मालकी कशी असे तेही इथल्या तज्ज्ञ स्वयंसेवकांना विचारावे. ब्रिटिश कायद्याने जहाजाचे ६४ हिस्से होत आणि एकेक हिस्सा गावातला दुकानदार, सुतार, खाणकामगार किंवा विधवा बाई विकत घेई. विम्यासाठी १८४१ मध्ये गावाने स्वतःची परस्पर-सहाय्य संस्था काढली. त्यामुळे एखादे गलबत बुडाले की फटका कुण्या दूरच्या कंपनीला न बसता गल्लीतल्या पाच-पन्नास घरांना बसे.

१८९१ ते १९१३ या काळात इथे बांधलेल्या तीन डोलकाठ्यांच्या स्कूनर जातीच्या जहाजांना दर्यावर्दी लोक वेस्टर्न ओशन यॉट म्हणत, इतकी ती डौलदार आणि चपळ होती. त्यांची फेरी ठरलेली असे. इथून स्लेट घेऊन जर्मनीला, तिथून स्पेनमधल्या कादिझसारख्या दक्षिणेकडच्या बंदरात मीठ भरून अटलांटिकपार न्यूफाउंडलंड आणि लाब्राडोरला, तिथली खारवलेली कॉड मासळी भूमध्य समुद्रातल्या बंदरांना आणि मग घरी. पाच-सहा-सात खलाशांवर ही लहान जहाजे हिवाळी अटलांटिक ओलांडत. या घराण्यातले शेवटचे जहाज गेस्टियाना १९१३ मध्ये पाण्यात उतरले आणि पहिल्याच सफरीत बुडाले. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झाले, हॅम्बुर्गचा बाजार शत्रूचा झाला, पाणबुड्यांनी उरलीसुरली शिडाची जहाजे टिपली आणि तोवर मोठ्या रेल्वेनेही बराचसा माल पळवला होता.

संग्रहालयातून बाहेर आल्यावर बंदराच्या तोंडाशी झाडाझुडपांनी झाकलेले एक लांबट बेट दिसेल. त्याचे नाव केइ बॅलस्ट. ते निसर्गाने घडवलेले नाही. स्लेट पोचवून रिकामे परतणारे जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी दगडधोंड्यांचे नीरम भरीत, आणि पुन्हा माल भरण्याआधी ते इथे आणून टाकीत. वर्षानुवर्षे टाकलेल्या त्या नीरमाचेच हे बेट झाले. त्यात दूरदूरच्या किनाऱ्यांचे दगड एकत्र पडले आहेत. ओहोटीला ते चालत जाण्याइतके जवळ भासते, पण तिकडे जाऊ नये. मधला गाळ फसवा आहे आणि भरतीचे पाणी मागून वेढा घालते. धक्क्यावरून दुर्बिणीने पाहावे.

चौथा टप्पा : बोर्थ-अ-गेस्ट

बंदराच्या पश्चिम काठाने चढ-उताराच्या रस्त्याने किलोमीटरभर चालले की बोर्थ-अ-गेस्ट लागते. भरतीच्या अर्धा-पाऊण तास आधी तिथे पोचावे. चंद्रकोरीसारख्या छोट्या उपसागराभोवती घरांची ओळ आहे आणि पाणी भरले की ती ओळ प्रतिबिंबित होते, ओहोटीला मात्र पुढ्यात नुसता चिखल असतो. पोर्थमॅडॉगप्रमाणे इथेही जहाजे बांधली जात. उपसागराच्या टोकावर जुन्या पायलट मंडळींची घरे आहेत, म्हणजे खाडीतल्या सरकत्या वाळूतून जहाज आत आणणाऱ्या वाटाड्यांची. खिडकीतून क्षितिजावर शीड दिसले की जो आधी होडी घेऊन पोचेल त्याला काम, म्हणून घरे तिथे. पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने वाळूच्या छोट्या खाचा लागतात आणि पायवाट मॉर्फा बिखानच्या विस्तीर्ण पुळणीकडे जाते. लहान मुले बरोबर असतील तर तिथवर जावे. केवळ सागरी इतिहासासाठी आलेल्यांनी पायलटांच्या घरांपासून परतले तरी चालेल.

वाटेतल्या सोयी आणि काही सूचना

जेवणाची अडचण येत नाही, शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. बारा ब्रिथ हा सुकामेवा घातलेला चहापाव आणि तव्यावर भाजलेले वेल्श केक खाऊन पाहावेत. गावात पर्पल मूस नावाची स्थानिक बिअर बनते. लहान गावांतली स्वयंपाकघरे रात्री लवकर बंद होतात, हे आपल्या जेवणाच्या वेळा लक्षात घेता महत्त्वाचे आहे. दुकानांत वेल्श भाषा सर्रास कानावर पडते. निघताना ‘डिओल्ख’ असे म्हणून आभार मानले की समोरच्याचा चेहरा खुलतो.

वेळ उरला तर किलोमीटरदीडवरच्या ट्रेमॅडॉगला जावे. ते मॅडॉक्सने आखून वसवलेले गाव आहे आणि अरबस्तानातल्या कामगिरीमुळे प्रसिद्ध झालेल्या टी. ई. लॉरेन्सचा जन्म १८८८ मध्ये तिथेच झाला. पोर्टमेरियन हे इटालियन धाटणीचे हौशी गावही जवळ आहे. ते सुंदर आहे, पण त्याचा या कथेशी संबंध नाही, म्हणून एकच दिवस हाती असेल तर ते मी गाळेन.

परतताना आलेल्या वाटेने जाऊ नये. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या रेल्वेचे स्थानक आहे, बंदरापासून चालत पंधरा मिनिटांवर. तिथून कँब्रियन किनाऱ्याची गाडी हार्लेकच्या किल्ल्याखालून आणि १८६७ च्या बार्मथच्या लाकडी पुलावरून माखनलेथमार्गे बर्मिंगहॅमला जाते. प्रवासाला चार तासांहून अधिक वेळ लागतो. गाड्या साधारण दोन तासांनी असतात, तेव्हा एक चुकली तर विमानाची वेळही चुकू शकते. समुद्र उजव्या हाताला राहतो. उत्तरेला बँगोरकडे किंवा दक्षिणेला ॲबरिस्टविथकडे जायचे असेल तर टी-२ क्रमांकाची बस गावातून सुटते.